मागच्या सीटचा जमाखर्च

अर्जेंटिनाच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या मुखाशी, काबो व्हिर्हेनेस नावाचं एक भूशिर आहे. तिथून निघणारा ‘रुता कुआरेन्ता’, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४०, अँडीजच्या कडेकडेने उत्तरेला जातो आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ला कियाका या गावी संपतो. लांबी पाच हजार किलोमीटरांहून जास्त, वाटेत अकरा प्रांत, आणि चढण समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४,९०० मीटरांपर्यंत. जगभरच्या मोटारसायकलवाल्यांना या रस्त्याचं वेड आहे. त्यांत जोडपीही असतात आणि त्यांतली बरीचशी एकाच गाडीवर, आपल्या भाषेत डबलसीट. अशा प्रवासांच्या हकिकतींमध्ये चालवणाऱ्याच्या कौशल्यावर आणि इंजिनाच्या ताकदीवर पानंच्या पानं खर्ची पडतात. मागे बसलेली व्यक्ती फोटो काढते, सोबत करते, फार तर ‘कुरकुर न करता सगळं सहन करते’. हे वर्णन मला अपुरंच नव्हे, तर चुकीचं वाटतं. मागची सीट वजनाच्या हिशेबात तोट्याची आहे यात शंका नाही. पण निर्णयांच्या हिशेबात ती नफ्याची आहे, आणि दक्षिणेतल्या पाटागोनियासारख्या मुलखात हा नफा त्या तोट्याहून मोठा ठरतो. त्याला एक अट आहे. ती पुढे येईलच.

आधी खर्चाची बाजू. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस ही अशा प्रवासातली नेहमी दिसणारी गाडी. पेट्रोल भरून तिचं वजन २४९ किलो आणि कंपनीने घालून दिलेली एकूण वजनाची मर्यादा ४६५ किलो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून २१६ किलो. आकडा ऐसपैस वाटतो. पण ७५ आणि ६० किलोंची दोन माणसं बसली की १३५ किलो तिथेच गेले. दोघांची हेल्मेटं, बूट, जाड जाकिटं यांचे वीसेक किलो धरा. बाजूच्या दोन आणि मागची एक अशा पेट्या आणि त्यांचे सांगाडे यांचे आणखी वीस. उरले चाळीस. त्या चाळिसात तंबू, झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह, हत्यारं, पंक्चरचं सामान, पाणी, जादा पेट्रोल आणि दोघांचे कित्येक आठवड्यांचे कपडे बसवायचे. शिवाय वजन किती याहून ते कुठे पडतं हे महत्त्वाचं. मागची व्यक्ती आणि मागची पेटी यांचा सगळा भार मागच्या चाकावर येतो, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ढिलं लागायला लागतं. डांबरी रस्त्यावर हे चालून जातं. खडीवर चालत नाही.

त्यात वारा. पाटागोनियातल्या वाऱ्याबद्दल लिहिताना अतिशयोक्तीचा मोह होतो, पण त्याची कारणं इतकी साधी आहेत की नुसती सांगितली तरी पुरतं. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली जमीन अगदी थोडी. पश्चिमेकडून सुटलेल्या वाऱ्याला महासागरांवर अडवणारं जवळपास काहीच नाही. आडवं येतं ते दक्षिण अमेरिकेचं हे निमुळतं टोक. अँडीजवर पाऊस टाकून कोरडा झालेला हा वारा पूर्वेकडच्या उघड्याबोडक्या पठारावर उतरतो. तो सगळ्यात जोरात वाहतो तिथल्या वसंतात आणि उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या प्रवाशांच्या हंगामात. ताशी १०० किलोमीटरांच्या पुढचे झोत तिथे बातमीचा विषय होत नाहीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे शाळेतलं विज्ञान इथे अंगावर येतं. रस्ता दक्षिणोत्तर आणि वारा पश्चिमेचा, त्यामुळे तो सतत कुशीवर आदळतो आणि गाडी सरळ न्यायची तर ती वाऱ्याच्या दिशेला कलती ठेवावी लागते. खरा धोका वारा असताना नसतो, तो क्षणभर नसताना असतो. उत्तरेकडे निघालेल्या गाडीच्या डाव्या अंगाला वारा. गाडी डावीकडे कललेली. अर्जेंटिनात वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे समोरून येणारा ट्रकही डाव्याच बाजूने जाणार. ट्रक आडवा आला की वारा एकदम तुटतो आणि कललेली गाडी त्या ट्रकच्याच दिशेने झेप घेते. डबलसीट गाडीचा हिशेब इथे थोडा गुंतागुंतीचा आहे. दोन माणसं आणि पेट्या यांच्यामुळे वाऱ्याला मिळणारा पृष्ठभाग वाढतो, हे वाईट. पण वजनही वाढतं आणि जड गाडी झोताने कमी ढकलली जाते, हे बरं. तरी जड गाडी एकदा हलली की सावरायला वेळ लागतो, म्हणून सगळा हिशेब मांडला तर बाकी खर्चाकडेच झुकते.

खडीच्या कच्च्या रस्त्याला तिकडे ‘रिपिओ’ म्हणतात. मोटारी आणि ट्रक ठरावीक चाकोऱ्यांतून जातात, त्यामुळे त्या चाकोऱ्या घट्ट होतात आणि मध्ये सैल गोट्यांचे बांध तयार होतात. मोटारसायकलने चाकोरी धरून राहायचं. वाऱ्याने ढकललं आणि पुढचं चाक बांधात रुतलं की आडवं होणं आलंच. अनुभवी चालक खडीवर टायरमधली हवा थोडी कमी करतो आणि पायदानांवर उभा राहून चालवतो. मागे माणूस आणि सामान असलं की भारासाठी हवा जास्त हवी आणि खडीसाठी कमी, असा पेच पडतो. उभं राहणंही अवघड होतं. चाळीस क्रमांकाचा बराचसा भाग आता डांबरी झाला आहे, पण सान्ता क्रूस प्रांतात गोबेर्नादोर ग्रेगोरेस आणि त्रेस लागोस या गावांमधला एक तुकडा बराच काळ तसाच राहिला. त्याला ‘शापित ७३’ म्हणतात. आकडा किलोमीटरांचा आहे. पाऊस पडला की तिथली माती लोण्यासारखी होते आणि मग जड गाडी, हलकी गाडी हा भेद उरत नाही.

या रस्त्यांवर दोन माणसांचा आणि सामानाचा भार काय करतो याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा जोडप्याचा नाही, दोन मित्रांचा आहे. अर्नेस्तो गेव्हारा, म्हणजे पुढचा चे, आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो जानेवारी १९५२ मध्ये ब्युनॉस आयर्सहून निघाले ते १९३९ सालच्या पाचशे सीसी नॉर्टनवर. तिचं नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलशाली. सामान लादलेली ती गाडी खडीवर पुन्हा पुन्हा आडवी झाली, तिची मोडतोड होत राहिली आणि बारिलोचेजवळची सरोवरं ओलांडून चिलीत गेल्यावर काही दिवसांत तिने मान टाकली. पुढचा बहुतेक प्रवास पायी, ट्रकमधून आणि बोटीतून झाला. त्या प्रवासाच्या पुस्तकाला आणि सिनेमाला मोटारसायकलचं नाव मिळालं खरं, पण त्यातली बरीच थोरवी गाडी मेल्यानंतरची आहे.

आता जमेची बाजू. सान्ता क्रूस प्रांताचं क्षेत्रफळ २,४३,९४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार साडेतीन लाखांच्याही आत. तीही बहुतेक मोजक्या शहरांत. पेरितो मोरेनो गावातून दक्षिणेला निघालं की सव्वाशे किलोमीटरांवर बाहो काराकोलेस नावाची चार घरांची वस्ती लागते. तिथे पेट्रोल मिळेलच अशी खात्री नसते आणि पुढचं भरवशाचं ठिकाण गोबेर्नादोर ग्रेगोरेस तिथूनही दोनशे किलोमीटरांवर. समोरून वारा लागला की वीस लिटरची टाकी नेहमीपेक्षा लवकर रिकामी होते. अशा मुलखात गाडी चालवण्याचं कौशल्य लागतंच, पण त्याहून जास्त लागते ती वेळेवर हिशेब करण्याची सवय: किती पेट्रोल उरलं, वारा वाढतोय का, आकाश कसं आहे, परत फिरायची शेवटची जागा कोणती. आणि नेमका हाच हिशेब चालवणाऱ्याला करता येत नाही. खडीवर त्याची नजर पुढच्या काही मीटरांत अडकलेली असते, कान हेल्मेटमधल्या घोंगाटाने बधिर, खांदे वाऱ्याशी झुंजून आखडलेले. काही तासांनी त्याला जग एका चाकोरीएवढं दिसायला लागतं. मागच्या व्यक्तीची नजर मोकळी असते. कुंपणावरून उडी मारायच्या तयारीत असलेला ग्वानाको, उंटाचा हा बिनकुबडाचा भाऊबंद, आधी तिला दिसतो. नकाशा, घड्याळ, पेट्रोलचा हिशेब तिच्याकडे असू शकतो. मुख्य म्हणजे चालवणारा थकला आहे हे त्याच्याआधी तिला कळतं, कारण त्याची पाठ तिच्यासमोर असते.

थकलेल्या आणि गुंतलेल्या माणसाला स्वतःचा थकवा दिसत नाही, हा माझा तर्क नाही. विमानवाहतुकीने मोठी किंमत मोजून शिकलेला धडा आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान घिरट्या घालत होतं. कप्तान चाकांच्या बिघाडात गढून गेलेला. इंधन संपत आलंय हे कॉकपिटमधल्या बाकीच्यांना दिसत होतं. ते त्यांनी सुचवलंही, पण ठणकावून सांगितलं नाही. इंधन संपलं, विमान वस्तीत कोसळलं, दहा माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी तेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकून ५८३ जण मरण पावले होते. तिथेही एका विमानात फ्लाइट इंजिनियरने व्यक्त केलेली शंका बाजूला सारली गेली होती. या अपघातांनंतर वैमानिकांच्या शिक्षणात नवा भाग आला. दुय्यम माणसाने स्पष्ट बोलायचं आणि मुख्य माणसाने ते ऐकायचं, याचंच ते प्रशिक्षण. विमानात हे लागतं आणि मोटारसायकलवर लागत नाही, असं म्हणायला मला तरी कारण दिसत नाही. इंधन दोन्हीकडे संपतं.

याला एक भक्कम आक्षेप आहे आणि तो मानसशास्त्राकडूनच येतो. दोन माणसं असली की शहाणपण दुप्पट होतं हे कशावरून? १९७४ साली व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जेरी हार्वी यांनी एक किस्सा मांडला. टेक्सासमधलं एक कुटुंब रणरणत्या दुपारी, धुळीच्या रस्त्याने, ॲबिलीन गावी जेवायला जाऊन येतं. परतल्यावर लक्षात येतं की जायचं कुणालाच नव्हतं. दुसऱ्याची इच्छा असेल म्हणून प्रत्येकाने मान डोलावली होती. जोडप्यांमध्ये हे रोज घडतं. ‘तुझा हिरमोड नको’ म्हणून मागची व्यक्ती गप्प बसते, ‘ती घाबरली नाही, मग मी कशी कच खाऊ’ म्हणून पुढची व्यक्ती रेटते आणि दोघं मिळून, अगदी प्रेमाने, एकट्याने केला नसता असा मूर्खपणा करतात. आक्षेप खरा आहे, म्हणूनच सुरुवातीला अटीचा उल्लेख केला. मागच्या सीटचा नफा आपोआप हाती पडत नाही. जायचं तर दोघांचा होकार हवा, थांबायला मात्र एकाचा नकार पुरे आणि त्या नकाराला कारण द्यावं लागू नये, हे निघण्याआधी ठरलेलं असेल तरच तो मिळतो. कारण द्यावं लागलं की वाद सुरू होतो आणि ताशी ९० किलोमीटरांच्या वाऱ्यात वादात नेहमी हँडल ज्याच्या हातात तोच जिंकतो.

मग प्रत्येकाची स्वतंत्र गाडी का नको? हा पर्याय खरंच चांगला आहे. सायमन आणि लिसा थॉमस हे ब्रिटिश जोडपं २००३ पासून दोन वेगवेगळ्या मोटारसायकलींवर जगभर हिंडत आलं आहे. दोन गाड्यांवर भार विभागतो, एक बंद पडली तर दुसरी मदत आणू शकते आणि ‘मागे बसायचं कुणी’ हा प्रश्नच उरत नाही. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण मागे बसते ती बहुतेक वेळा बाई. इथे गैरसमज नको. बायकांनी मागे बसावं असं हे म्हणणं नाही. फ्रान्सची आन-फ्रान्स दोतव्हिल १९७३ मध्ये एकटी जगप्रदक्षिणेला निघाली होती आणि इंग्लंडची एल्स्पेथ बिअर्ड ऐंशीच्या दशकात बीएमडब्ल्यूवर एकटी जग फिरून आली. तेव्हा कोण चालवू शकतं हा मुद्दा कधीच निकाली निघाला आहे. माझा मुद्दा माणसाचा नसून जागेचा आहे. दोन गाड्यांवर दोघेही चालक, दोघांच्याही नजरा आपापल्या चाकोरीत अडकलेल्या. एका गाडीवर एक नजर मोकळी राहते. खडीवरच्या सुरक्षेच्या दृष्टीने दोन गाड्या सरस, दिवसभराच्या हिशेबाच्या दृष्टीने एक. असा हा सौदा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पीटर आणि के फॉरवूड यांची एकच हार्ले-डेव्हिडसन १९९६ पासून जगातल्या साऱ्या देशांत जाऊन आली. कच्च्या रस्त्याला त्याहून गैरसोयीची गाडी शोधून सापडायची नाही. गाडी अयोग्य असूनही प्रवास पुरा होतो, तेव्हा त्याचं श्रेय इंजिनाबाहेर शोधावं लागतं.

हे सगळं श्रीमंतांचे चोचले आहेत, असंही कुणी म्हणेल. विमानभाडं, गाडी नेण्याचा खर्च, व्हिसा यांचा विचार करता त्यात तथ्य आहे. भारतीयांना त्यात आरटीओकडून मिळणाऱ्या, एका वर्षापुरत्या आंतरराष्ट्रीय परवान्याची भर. पण गाडी महागडीच हवी, हे मात्र खरं नाही. पुण्याच्या बजाजची पल्सर अर्जेंटिनात ‘राउझर’ या नावाने विकली जाते. आकुर्डी-चाकणच्या वाचकाला मेंदोसाच्या सिग्नलवर ती ओळखू येईल. अशा छोट्या गाडीला मर्यादा आहेत, डबलसीट आणि तंबूसकट तर फारच. तरी तिचा एक फायदा मोठ्या गाडीला कधीच मिळणार नाही: गावातल्या मेकॅनिकला ती माहीत असते. पंक्चरच्या दुकानाला तिकडे ‘गोमेरिया’ म्हणतात आणि पाटागोनियात तो धंदा बुडायची शक्यता नाही. पैशांच्या बाबतीत अर्जेंटिना आणखी वेगळा. २०२३ मध्ये तिथली महागाई २११ टक्क्यांवर गेली. डॉलरचा सरकारी भाव आणि बाजारातला भाव यांत कित्येक वर्षं एवढी दरी होती की खर्चाचा हिशेब रोज नव्याने मांडावा लागे. ते काम कोणाकडे, हे सांगायला नको.

उत्तरेकडे सरकताना वारा मागे पडतो. सान हुआन प्रांताच्या कोरड्या मुलखात रस्त्याकडेला पाण्याच्या बाटल्यांचे ढीग दिसायला लागतात. ही ‘दिफुन्ता कोर्रेआ’ची स्थानं. १८४० च्या सुमाराच्या यादवीत नवऱ्याला सैन्यात ओढून नेलं, म्हणून तान्ह्या बाळाला घेऊन ती त्याच्या मागे निघाली आणि वाळवंटात तहानेने मेली. बाळ मात्र तिच्या छातीशी जिवंत सापडलं, अशी लोककथा आहे. चर्चने तिला संत मानलं नाही. ट्रकवाले मात्र मानतात आणि तिच्यासाठी पाणी ठेवून पुढे जातात.

त्याही पुढे, साल्ता प्रांतात, काची नावाचं पांढऱ्या भिंतींचं गाव आहे, २,३०० मीटरांच्या आसपास उंचीवर. इथून चाळीस क्रमांक काल्चाकी नदीच्या काठाने आकाय खिंडीकडे चढतो. एकेरी कच्चा रस्ता, नदीचे ओहोळ ओलांडायचे आणि माथ्यावर जवळजवळ ४,९०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते आणि माणसाची विचारशक्तीही मंदावते. विरळ हवेने बधिरलेल्या माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटत राहतं. त्याचं बोलणं जडावलंय, पाऊल चुकतंय हे दुसऱ्यालाच दिसतं. तिथले लोक कोकाची पानं चघळतात, ते कायद्यानेही चालतं. पण पानांनी खडी घट्ट होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात ओहोळ फुगतात. काचीहून दुसरी वाटही आहे: साडेतीन हजार मीटरांच्या आसपासचा घाट ओलांडून, बऱ्याच अंशी डांबरी रस्त्याने साल्ता शहरात उतरायचं आणि तिथून ५१ क्रमांकाच्या महामार्गाने पलीकडच्या सान अन्तोनिओ दे लोस कोब्रेसला चढायचं. तिथे चाळीस क्रमांक पुन्हा भेटतो. मध्ये सुटतात ते आकायचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि ‘अख्खा चाळीस केला’ असं परतल्यावर सांगायची सोय.